गळक्या नळाचा झरा

टीव्हीच्या पडद्यावर, जंगलात जगायला शिकवणारा रानवीर खडकाला कान लावून बसला होता, आणि आवाजवाली स्टुडिओच्या बाथरूममध्ये गळक्या नळाखाली स्टीलची बादली धरून बसली होती. नळ टपकला की रानवीरच्या तोंडावर तेज चढायचं. ‘पाणी इथंच आहे,’ तो कुजबुजायचा. कान शाबूत असलेला माणूस तहानेनं मरत नाही आणि बाटली ही दुबळ्यांची सोय आहे, असंही तो वर सांगायचा. हे सांगण्याआधी त्यानं गार पाण्याची अख्खी बाटली घशाखाली उतरवली होती. तेवढा तुकडा कापलेला होता, पण आवाजवालीकडे सगळं कच्चं चित्रीकरण यायचं.

त्या जंगलातला एकही आवाज जंगलातला नव्हता. तिथं जनरेटर घरघरायचा आणि कुणी ना कुणी फोनवर हॉटेलच्या खोल्यांवरून भांडत असायचं. मग आवाजवाली स्टुडिओत बसून रान उभं करायची. जुन्या कॅसेटची फीत तुडवली की सुकं गवत, चॉकलेटचे कागद चुरगाळले की शेकोटी, गाजर मोडलं की हाड. रानवीर अळी खायचा तेव्हा ती माइकजवळ द्राक्ष चावायची. पडद्यावरची अळीसुद्धा कुणी कारागिरानं साखरेची केलेली होती. रानवीर रात्री हॉटेलात गादीवर झोपायचा, म्हणून स्टुडिओतले सगळे त्याला पाठीमागे गादीवीर म्हणायचे आणि समोर आला की सर.

नळाचा वॉशर झिजलेला होता. दोन थेंब पाठोपाठ पडायचे, मग नळ थबकायचा आणि एक बारीक धार सुटायची. दुरुस्तीला आलेल्या प्लंबरला दिग्दर्शकानं दारातूनच परत पाठवलं होतं. असा झरा शोधून सापडणार नाही, असं तो म्हणाला.

या झऱ्यावर आवाजवालीचा मामा भाळला. आई गेल्यावर यानंच तिला वाढवलं होतं. आयुष्यभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसून बूट चढवले, आणि निवृत्त झाल्यावर रानवीरसारखी टोपी घेऊन आरशासमोर उभा राहायला लागला. भाचीला आधी हसू आलं. पण पलीकडच्या उघड्या डोंगरात एकट्यानं जाऊन यायचं, तेही बाटलीशिवाय, असं तो बोलायला लागला तेव्हा तिचं हसू मावळलं.

तिनं त्याला सरळ स्टुडिओत नेलं आणि नळाखाली बादली ठेवून दाखवली. मामानं डोळे मिटून ऐकलं.

“हुबेहूब केलंस गं.”

“हुबेहूब कशाचं, मामा? तिथं काही नव्हतंच. खडक ठणठणीत कोरडा होता.”

“असं कसं? मूळ असल्याशिवाय नक्कल होते का?”

तिनं कपाळावर हात मारला. मग ती दिग्दर्शकाकडे गेली. हे खोटं आहे, निदान एवढं तरी लिहा, म्हणाली.

“पाटी आहे की,” दिग्दर्शक म्हणाला. “शेवटी. प्रायोजकांच्या नावांखाली.”

आणि मामा एका सकाळी टोपी घालून, फोन घरी ठेवून निघून गेला.

तो सापडला तो खडी वाहणाऱ्या ट्रकवाल्याला, आणि तेही ट्रकवाला लघवीला थांबला म्हणून. इस्पितळात आवाजवालीनं त्याला पाहिलं तेव्हा त्याचे ओठ फाटले होते आणि एक कान सोलवटून निघाला होता. खडकांवर घासून घासून. मूत्रपिंडं जेमतेम चालताहेत, पाणीसुद्धा मोजूनच द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

“रस्ता दिसत होता मला,” मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पण आवाज उलट्या बाजूनं येत होता. म्हणून तिकडं गेलो.”

“कसला आवाज?”

“पाण्याचा. पाठोपाठ दोन थेंब, मग जरा थांबून बारीक धार.”

डोंगरात त्या दुपारी त्याच्या कानात स्टुडिओच्या बाथरूममधला नळ गळत होता, आणि त्यानं मामाला रस्त्यापासून दूर ओढून नेलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी गादीवीर आला. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात बाटली, मागे कॅमेरा. यांनी हार मानली नाही, माझं ऐकलं म्हणून हे आज जिवंत आहेत, असं तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला आणि मामाच्या उशाशी उभा राहून घटाघटा पाणी प्यायला. मामाला घोट मोजून मिळत होते. तरी त्याचे डोळे कृतज्ञतेनं भरून आले. आवाजवालीला त्या फुलांची जुडी गादीवीरच्या घशात कोंबावीशी वाटली.

विशेष भाग तयार झाला. मामा जिथं पडला होता तिथं जाऊन गादीवीरनं खडकाला कान लावला होता. आवाज घालायला चित्रफीत आवाजवालीकडे आली. तिनं प्लंबरला बोलावून वॉशर बदलून घेतला आणि झऱ्याच्या जागी नुसता वारा ठेवून फीत परत पाठवली.

“झरा राहिलाय,” दिग्दर्शकाचा फोन आला.

“राहिला नाही. तिथं होतं तेवढंच घातलंय.”

“मग दुसरं कुणीतरी घालेल. उद्यापासून येऊ नकोस.”

ती गेली नाही. भाग लागला तेव्हा ती मामाच्या घरी होती. मामा पलंगावर उशांना टेकून बसला होता, टोपी घालूनच. गादीवीरनं खडकाला कान लावला आणि खडकातून खळखळ पाणी वाहायला लागलं. कुणीतरी टबात हात फिरवला होता, तेही वाईट.

“हा तू केलेला नाहीस ना?” मामानं विचारलं.

“नाही. मी नाही म्हणून सांगितलं.”

“तू नाही केलास, तरी येतोय.” मामाचा चेहरा उजळला. “म्हणजे मूळ होतंच. बरा झालो की पुन्हा जाईन. त्या दिवशी मी थोडक्यात चुकलो.”

त्याच्या औषधाची वेळ झाली होती. आवाजवालीनं उठून पेल्यात पाणी ओतलं आणि गोळीबरोबर त्याच्यापुढं धरलं. मामानं पडद्यावरची नजर न काढता तिचा हात बाजूला सारला.

“थांब जरा,” तो म्हणाला. “ऐकू दे.”