जबारी कुठे थांबला होता

मित्रांनो, तीन पाय, दोन रबरी चाके आणि एक मोटार, एवढाच माझा संसार. मी एक जुने चेंडू फेकणारे यंत्र आहे. अमेरिकेतल्या टोलेडोच्या, चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाच्या सराव मैदानावर, कुंपणाच्या कडेला मी उभे असते. माझी चाके समोरासमोर गरगर फिरतात. त्यांच्या फटीत कोणी चेंडू सरकवला, की तो भोवऱ्यासारखा फिरत सुटतो आणि समोर उभ्या असलेल्या गड्याच्या छातीवर जातो. माझे काम तिथे संपते. त्याने तो झेलला का सोडला, हे माझ्या हाती नाही. मला हातच नाहीत.

माझा जन्म पश्चिमेकडच्या एका कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यात पहिला चेंडू सरकवला, तो समोरच्या जाळीत जाताना पाहिला आणि त्या म्हणाल्या, "सरळ जातोय." मग त्या पुढच्या यंत्राकडे वळल्या. मला तेवढे कौतुक पुरले. सरळ फेकणे हाच माझा धर्म, असे मी मानू लागले.

टोलेडोत आले तेव्हा माझा मोठा मान होता. आमच्या खेळात रिसीव्हर म्हणून एक गडी असतो. त्याने लांब पळत जायचे आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याने, टाकलेला चेंडू झेलायचा. दर उन्हाळ्यात असे नवे गडी सरावाला येत. सराव संपला, बाकीचे आंघोळीला गेले, तरी ते माझ्यापुढे रांग लावत. वर्तमानपत्रवाले त्यांचे फोटो काढत आणि खाली लिहीत, "घाम गाळणारा नवा तारा." कोच म्हणत, जो यंत्रापुढे जास्त उभा राहील त्याचे हात पक्के होतील. ते खरे होते. पण ते अर्धेच खरे होते, आणि उरलेले अर्धे मला सांगता येत नव्हते.

मी चेंडू फेकते तो माणूस जिथे उभा आहे तिथे. सामन्यात चेंडू येतो तो माणूस जिथे असायला हवा तिथे. क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू सुटतो तेव्हा रिसीव्हरची पाठ त्याच्याकडे असते. तो वळेपर्यंत चेंडू अर्ध्या वाटेवर आलेला असतो. दोघांनी रिसीव्हरला अडवायला उभा असलेला, समोरच्या संघाचा एकच राखणदार पाहून, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट ठरवलेली असावी लागते. तरुण रिसीव्हर हे शिकायला कधीकधी कित्येक हंगाम घेतात. बहुतेकांना तेवढे हंगाम मिळत नाहीत.

पुढे क्लबने नवे यंत्र आणले. त्याला पडदा होता आणि ते चेंडू कुठे, किती वेगाने टाकायचा हे स्वतःच ठरवत असे. मला कुंपणाकडे ढकलले. माझ्या डाव्या चाकातली हवा हळूहळू कमी होऊ लागली. रोज कोणीतरी अंगठ्याने दाबून पाहिले असते तर कळले असते. कोणी पाहिले नाही.

अशा दिवसांत जबारी प्रुइट माझ्याकडे आला.

तो मिसिसिपीतल्या एका लहान गावचा. निवडीच्या दिवशी त्याला कोणत्याच संघाने घेतले नव्हते. सरावापुरते बोलावले होते, त्यातून टिकला तर टिकला. कॉलेजात असताना एका मोठ्या सामन्यात, टीव्हीवर सगळा देश बघत असताना, त्याच्या हातून सोपा चेंडू निसटला होता. ते इथेही सगळ्यांना ठाऊक होते. पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडले, "अरे, हाताला तेल लावून आलास काय रे?" जबारी हसला, आणि सराव संपल्यावर सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. नव्या यंत्रापुढे गर्दी होती. माझ्यापुढे कोणी नव्हते.

तो रोज येई. त्याच्यासारखाच एखादा नवा गडी मला चेंडू भरवी आणि जबारी झेलत राही. थोड्याच दिवसांत त्याच्या हातांचा चेंडूला लागण्याचा आवाज बदलला. आधी फटका बसल्यासारखा येई, आता उशीवर पडल्यासारखा येऊ लागला. मला आनंद झाला. पण त्याचे पाय हलत नव्हते. तो माझ्यासमोर खांबासारखा उभा राही आणि चेंडूची वाट पाही.

ते डेझमंड टलीने ओळखले. हा आमचा सर्वांत जुना रिसीव्हर. तेहतिशी ओलांडलेली, गुडघ्यांना पट्ट्या. सगळे त्याला अंकल म्हणत. नव्या गड्यांनी त्याचे खांद्याचे चिलखत उचलायचे आणि सकाळी त्याच्यासाठी चिकन बिस्किट, म्हणजे मऊ पावात घातलेली तळलेली कोंबडी, आणायचे, ही तिथली रीत.

"आणलंस?" अंकलने विचारले.

"आणलं, अंकल."

"आणि मध?"

"विसरलो."

"मध विसरतोस, मग धावायची वाट काय लक्षात ठेवणार तू? आण ते इकडं." एक घास खाऊन तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "हे यंत्र म्हणजे तुझं आजोळ झालंय बघ. मागशील ते मिळतं, तेही बसल्या जागी, गरमागरम. सामन्यात तुला असं कोणी वाढणार नाहीये, पोरा."

"माझे हात कच्चे आहेत म्हणतात सगळे."

"हात झाले पक्के. आता डोकं घेऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून अंकलने मांडणी बदलली. जबारीने माझ्याकडे पाठ करून पळायचे. अंकल पुढे राखणदार बनून उभा राहणार. राखणदार मागे सरकला तर जबारीने तिथेच थांबून वळायचे. राखणदार पुढे चालून आला तर न थांबता त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पळत जायचे. आणि माझ्याजवळच्या गड्याने, जबारी वळण्याआधीच, योग्य त्या जागी चेंडू सोडायचा.

सुरुवातीचे चेंडू जबारीच्या कानाजवळून गेले. एक शिरस्त्राणावर आदळला.

"कोण आहे? कोण आहे?" अंकल दार वाजल्यासारखे ओरडला. "अरे चेंडू आलाय, दार उघड!"

जबारी चिडला, पण हटला नाही. पळताना तो मोठ्याने बोलू लागला. "मागे गेला, थांबलो." "पुढे आला, चाललो." बोलायचा आणि करायचा. हळूहळू बोलणे ओठातल्या ओठात गेले आणि पाय स्वतःच ठरवू लागले. जबारी शिकला होता, हे मला आणि अंकलला माहीत होते. कोच स्टोव्हॉलला माहीत नव्हते. ते शंभर गडी सांभाळत होते, आणि त्यांच्याकडे रिसीव्हरची एकच जागा उरली होती.

अंकलने आणखी एक गोष्ट शिकवली. ती वाईट हेतूने शिकवली नव्हती. आमच्यातले सगळे जुने गडी नव्यांना तीच शिकवतात.

"चेंडू वाया गेला ना, चूक कोणाचीही असो, छातीवर दोनदा हात मारायचा. माझी चूक म्हणायचं. क्वार्टरबॅकची चूक भर मैदानात दाखवलीस, तर पुन्हा त्याच्याकडं चेंडू मागायला कोणतं तोंड घेऊन जाशील?"

"आणि कोचनी विचारलं तर?"

"कोच सामन्याची टेप बघतात. त्यांना डोळे आहेत. तू तुझं तोंड सांभाळ."

हंगामापूर्वीचा शेवटचा सामना आला. नव्या यंत्राचा पडदा उन्हाने काळा पडला, म्हणून सामन्याआधीच्या सरावासाठी मला गाडीवर चढवून स्टेडियममध्ये नेले. नंतर मैदानाच्या टोकाला, खेळाडूंच्या बोगद्याजवळ ठेवून दिले. तिथून मला सगळे सरळ रेषेत दिसत होते.

शेवटच्या भागात दोन्हीकडून नवे गडी खेळत होते. आमचा क्वार्टरबॅक होता विट हार्लन. जबारीसारखाच तरुण, आणि त्याचीही जागा पक्की नव्हती. जबारी पळाला. राखणदाराने एक पाऊल पुढे टाकल्यासारखे केले आणि मग तो मागे सरकू लागला. ती हुलकावणी होती. जबारी फसला नाही. तो थांबला, वळला, हात पुढे केले. इतके नेमके त्याने सरावातही केले नव्हते.

विट फसला होता. त्याने ते पहिले पाऊल पाहून चेंडू लांब टाकला, जिथे कोणी नव्हते तिथे. राखणदार मागे होताच. चेंडू अलगद त्याच्या हातात पडला.

सगळे स्टेडियम ओरडले. प्रेक्षकांना एवढेच दिसले, की चेंडू पुढे गेला आणि आपला रिसीव्हर मागेच उभा राहिला. जबारीने छातीवर दोनदा हात मारला.

सामना संपल्यावर ते सगळे माझ्या शेजारूनच बोगद्यात शिरले. कोच स्टोव्हॉलनी त्याला चालता चालता विचारले, "काय झालं तिथं?"

"माझी चूक, कोच."

पाठोपाठ विट होता. तो बुटांकडे बघत चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कुंपणाजवळ होते. अंकल आणि कोच बोलत बोलत तिथेच येऊन थांबले.

"टेप बघितलीत?" अंकलने विचारले.

"बघितली. थांबला ते बरोबर होतं."

"मग झालं तर!"

"कुठं झालं? अरे, तो स्वतःच म्हणतोय चुकलो म्हणून."

"ती आमची बोलायची रीत आहे हो, कोच."

"मैदानात रीत ठीक आहे. मी विचारलं ना त्याला नंतर. तरी तेच. डेझ, माझ्याकडं एक जागा आहे. चुकून बरोबर थांबणारा गडी मला नको. समजून थांबणारा हवाय."

"समजूनच थांबला तो! मी शिकवलंय त्याला इथं, या यंत्रापाशी. विचारा परत. आत्ता विचारा."

कोच माणूस म्हणून वाईट नव्हते. ते वळले आणि हाक मारली, "प्रुइट! इकडं ये!"

जबारी धावत आला. तो विटबरोबर सराव करत होता, म्हणून विटही चेंडू काखेत घेऊन मागोमाग आला. त्याला कोणी थांबवले नाही.

"कालचं सांग," कोच म्हणाले. "राखणदार बघून थांबलास, की पळायचं सोडून थांबलास? सरळ सांग."

माझी मोटार चालू होती. चाके रिकामीच फिरत होती. जबारीचे सगळे आयुष्य त्या एका वाक्यावर टेकले होते आणि ते वाक्य मला तोंडपाठ होते. मागे गेला, थांबलो. मागे गेला, थांबलो. रोज ऐकले होते मी ते.

जबारीने विटकडे पाहिले. विट चेंडूची शिवण नखाने खरवडत होता.

"माझी चूक, कोच. मी पळत राहायला हवं होतं."

"अरे, खरं बोल ना!" अंकल ओरडला.

"खरंच बोलतोय, अंकल."

अंकल विटकडे वळला. "आणि तू? तुला काय दिसलं?"

"मला... नीट नाही आठवत. फार घाईत झालं सगळं."

 कोच अंकलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विचारलं की नाही मी?" आणि निघून गेले.

दुसऱ्या सकाळी जबारी नेहमीपेक्षा लवकर आला. आमच्याकडे एखाद्याला संघातून काढायचे असले की कार्यालयातला एक माणूस मैदानावर येतो. तो ओरडत नाही. जवळ येऊन हळूच म्हणतो, "कोचनी बोलावलंय. डावपेचांचा टॅब बरोबर घे." तो माणूस येताना दिसला, तरी माझ्याजवळच्या गड्याच्या हातातला चेंडू सुटलाच, थांबवता आला नाही. जबारीने तोही झेलला. "आलो," म्हणाला, आणि चेंडू माझ्या पायाशी ठेवून गेला.

नंतर अंकल आला आणि उन्हात तसाच गवतावर बसला. कोणाशी बोलत होता कोण जाणे. "मीच सांगितलं होतं त्याला, तोंड सांभाळ म्हणून," असे म्हणाला. माझी मोटार त्यानेच बंद केली.

जबारी पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. दुसऱ्या एखाद्या संघाने घेतला असेल. गावी परतून दुसरे काही करत असेल. विट टिकला. तो वाईट मुलगा नाही. परवा त्याने एका नव्या रिसीव्हरला चुकीचा चेंडू टाकला आणि त्या पोराने लगेच छातीवर हात मारला. विट काही बोलला नाही.

मी आता फारसे कामाचे राहिले नाही. डाव्या चाकाची हवा गेली आहे आणि मी टाकलेला चेंडू बाजूला वळतो. हवा भरा, एवढेच माझे स्वतःसाठी मागणे आहे. ते झाले तर झाले.

दुसरे मागणे तुमच्याकडे आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गात, तुमच्या संघात, तुमच्या घरात कोणी चटकन म्हणेल, "चूक माझी." त्याला शाबासकी देऊ नका आणि शिक्षाही देऊ नका. त्याला बाजूला घ्या. आणखी कोणी ऐकत नसेल अशा ठिकाणी न्या आणि विचारा, नक्की काय झाले. तो पहिल्यांदा तेच म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. थोडे थांबा.

आमच्याकडे त्या दिवशी तेवढा वेळ होता.