तिसऱ्या खोलीत जायचं नाही

आमच्या घरात लग्नापासून दोन पक्ष आहेत. नवरा हार्डकोरचा आणि मी ड्रम अँड बेसची. हे दोन्ही नाचाच्या संगीताचे प्रकार. बाहेरच्याला दोन्ही सारखंच वाटतं, म्हणजे डोकं उठवणारं. वेगही जवळजवळ एकच. पण हार्डकोरमध्ये ठोका सलग पडत राहतो, दम खायला जागा नाही. ड्रम अँड बेसमध्ये ठोके तुटक पडतात आणि त्यांच्या खालून बेस आपला निवांत सरकत असतो. नवरा म्हणतो, तुझं संगीत म्हणजे जिना उतरताना कुणाचा तरी पाय चुकलाय. मी म्हणते, तुझं म्हणजे शेजारी भिंतीत खिळे ठोकतोय. हे भांडण इतकी वर्षं चाललंय आणि ते मिटवायची दोघांनाही घाई नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करतो, मी बेकरीत भट्टीवर असते. लोक झोपेत कूस बदलतात तेव्हा माझा दिवस सुरू होतो, त्यामुळे रात्रभर जागण्याचं मला कौतुक नाही. आमची ओळखसुद्धा एका रेव्हमध्येच, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्टीतच झाली, दोन खोल्यांच्या मधल्या पाण्याच्या नळापाशी. तेव्हापासूनचा आमचा रिवाज असा की दारातच वेगळं व्हायचं, त्याने त्याच्या खोलीत जायचं, मी माझ्या, आणि तहान लागली की नळावर भेटायचं. घामाने निथळलेला नवरा नळाखाली डोकं धरून उभा असतो तेव्हा तो मला अजूनही आवडतो. हे त्याला सांगू नये, चढून बसेल.

आमची लेक, भिंगरी, या दोन पक्षांच्या मधे वाढली. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलं, ते आता एकोणिसाव्या वर्षीही तिला चिकटून आहे. दोन वर्षं ती खोलीचं दार लावून डीजेच्या डेकवर सराव करत होती आणि आम्ही दाराला कान लावून उभे राहत होतो. ती बाहेर आली की नवरा घाईघाईने दाराच्या बिजागरीला तेल घालायला लागायचा. आमच्या घरातल्या बिजागऱ्या कधी कुरकुरल्या नाहीत.

मग एक दिवस तिने जेवताना सांगितलं, "मला संधी मिळालीय. तिसऱ्या खोलीत, बारा ते एक."

ही तिसरी खोली म्हणजे आम्ही नेहमी जातो त्या जुन्या फर्निचरच्या गोदामाच्या माडीवरची. खालच्या दोन खोल्या मोठ्या, एक हार्डकोरची, एक ड्रम अँड बेसची. लोखंडी जिन्याने वर गेलं की तिसरी, नवख्यांसाठी. आयोजक बाई मधूनच डोकावून जातात. खोली भरलेली दिसली तर त्या नवख्याला दर महिन्याला बोलावतात. रिकामी दिसली तर पुन्हा फोन करत नाहीत.

"अर्धा तास आईचं, अर्धा तास बाबाचं," भिंगरी म्हणाली. "मधे एकातून दुसऱ्यात जायचंय, आणि तिथेच सगळी गंमत आहे. जमलं तर जमलं."

नवऱ्याचे डोळे भरून आले. तो वाकून टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

"पण," ती पुढे म्हणाली, "तुम्ही दोघांनी वर यायचं नाही. खाली या, नेहमीसारखे नाचा. तिसऱ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तुम्ही समोर असलात की मी तुमची मुलगी होऊन वाजवणार. मला नुसतं वाजवायचंय. शब्द द्या."

आम्ही शब्द दिला. माझ्या जिवावर आलं होतं, पण दिला.

त्या रात्री दारात हातावर शिक्का मारून घेतला, कानात बोळे घातले आणि रिवाजाप्रमाणे वेगळे झालो. निदान मला तसं वाटलं. माझ्या खोलीत हिरवा धूर होता, बेस पोटऱ्यांत घुमत होता, आणि शेजारची पोरगी मला "काकू, भारी!" म्हणून अंगठा दाखवत होती. एरवी मी खूश झाले असते. पण बारा वाजून गेले आणि माझे पाय ऐकेनात. वर आपली पोर पहिल्यांदा उभी आहे आणि आपण इथे काय घुसळतोय, असं झालं. शब्द वर न जाण्याचा होता, जिन्यापर्यंत जायला कुणी अडवलं नव्हतं. म्हणून मी जिन्यापाशी गेले.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर डॉक्टर बसला होता. हा आमच्या जुन्या नाचणाऱ्या टोळीतला. डॉक्टर वगैरे काही नाही, रंगारी आहे. पूर्वी खिशात बँडेजच्या पट्ट्या घेऊन फिरायचा, म्हणून डॉक्टर. तीन पोरं हसत जिन्याकडे आली तसा तो हात आडवा करून म्हणाला, "वर बंद आहे रे. खाली मजा करा." पोरं वळून गेली.

"काय बंद आहे?" मी विचारलं.

"अरे, वहिनी! काळजी करू नकोस, एक माणूस वर सोडलेला नाही."

"म्हणजे?"

"तुझ्याच नवऱ्याने सगळ्यांना फोन केले की. म्हणाला, पोरीचा पहिला दिवस आहे, बाबाच्या दोस्तांनी खोली भरली असं तिला वाटायला नको. टोळीतल्या कुणीही वर जायचं नाही. आता कोण टोळीतलं आणि कोण नाही हे मला या अंधारात काय कळणार? म्हणून सरसकट सगळ्यांनाच थांबवलं. कसं?"

आणि त्याने शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी कपाळावर हात मारून घेतला. एकाने प्रेमापोटी अक्कल गहाण ठेवली होती आणि दुसऱ्याने मैत्रीपोटी. आणि त्या दोघांच्या मधे माझी लेक वर रिकाम्या खोलीला गाणी ऐकवत होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ऊठ आधी तिथून."

"सगळ्यांना वर घेऊन येऊ का? दोन मिनिटांत खोली भरतो बघ."

मोह झाला. खरंच झाला. टोळी एकदा वर गेली असती तर भिंती हलल्या असत्या. पण मग भिंगरीला जे नको होतं तेच झालं असतं, आणि पहिला ओळखीचा चेहरा दिसताच तिला ते कळलं असतं. मी म्हटलं, "कुणाला बोलवायचं नाही आणि कुणाला अडवायचं नाही. तू फक्त जिन्यावरून बाजूला हो आणि मुकाट्याने पाणी पी."

तो उठला. आणि मी शब्द मोडून वर गेले.

वर कुणीच नव्हतं म्हटलं तरी चालेल. दिवे सांभाळणारा मुलगा फोन बघत होता. एक जोडपं कोपऱ्यात बुटाची लेस बांधत होतं, बहुधा निघण्यासाठीच. आणि समोर, एवढ्याशा ओट्यावर, मान खाली घालून माझी पोर. ओठ दाताखाली दाबलेला, लहानपणी चित्र रंगवताना दाबायची तसा. समोर चिटपाखरू नव्हतं, तरी ती असं वाजवत होती की जणू सगळं गाव जमलंय. माझा जीव तिच्यावरून ओवाळून टाकावा असं वाटलं.

मी पटकन खांबाआड झाले. वाजत होतं ते माझंच, तुटक ठोक्यांचं, आणि आता त्याच्या खालून नवऱ्याचा सलग ठोका हळूहळू वर यायला लागला होता. एकातून दुसऱ्यात जायची जागा आली होती. एक क्षण दोन्ही एकमेकांत अडकले, पाय अडखळावा तसे. मग तिने सावरलं, आणि सलग ठोका मोकळा सुटला.

मला हार्डकोरवर नाचता येत नाही. ते नवऱ्याचं काम. पण मी नाचले. खांबाआडच, गुडघे दुखेपर्यंत, भट्टीत पाव सरकवताना हात चालतात तसे हात चालवत. लेस बांधणारं जोडपं माझ्याकडे बघून हसलं आणि थांबलं. मग जिन्यावर पावलं वाजली. मघाचीच तीन पोरं आली, त्यांच्यामागे आणखी कुणी. अनोळखी, अगदी कोणी कोणाची नाहीत अशी माणसं, आपापल्या पायांनी वर चढून आली. बघता बघता मला खांबाआड उभं राहायला जागा उरली नाही. आयोजक बाई दारात आल्या, थोडा वेळ मान डोलावत उभ्या राहिल्या आणि गेल्या. भिंगरीने मान वर केली नाही. तिने मला पाहिलं नाही, या आनंदात मी भिजून गेले होते.

एक वाजता ती उतरली आणि गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. मी सबब शोधायला लागले.

"बाबा कुठेय?" तिने विचारलं.

नवरा त्याच्या खोलीत नव्हता. नळावर नव्हता. डॉक्टरची नजर मात्र सारखी माडीच्या मागच्या बोळाकडे जात होती. तिथे गोदामाची जुनी मालाची लिफ्ट आहे. गेल्या वर्षी नवऱ्यानेच ती दुरुस्त केली होती आणि तिची किल्ली तेव्हापासून त्याच्या जुडग्यात आहे. आम्ही पुन्हा वर गेलो आणि मी लिफ्टचं जाळीचं दार सरकवलं.

लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी होती, तिसऱ्या खोलीच्या भिंतीला लागून. नवरा आत उभा होता. दोन्ही तळवे भिंतीवर टेकवलेले, डोळे मिटलेले. मोटर बिघडली की तो असाच हात लावून ऐकतो. तासभर तो तसाच उभा होता. खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, त्याने शब्द पाळला होता.

"संपलं तिचं," तो डोळे न उघडता म्हणाला. "आता दुसरं कोणीतरी वाजवतंय."

"बाबा," भिंगरी म्हणाली.

त्याने दचकून हात खाली घेतले आणि सवयीने बिजागरी शोधली. जाळीच्या दाराला बिजागरी नसते.

"कसं झालं?" तिने विचारलं.

"उत्तम झालं." मग त्याला राहवलं नाही. "मधे एकदा सटकलीस. आईच्यातून माझ्यात येताना. नुसतं एवढंसं. पण सावरलंस छान."

भिंगरी हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"तेव्हाच मी मान वर केली होती," ती म्हणाली. "आईची अर्धी पाठ खांबाच्या बाहेर होती."

मी जिभेखाली सबब तयार ठेवली होती, ती तशीच गिळली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. त्याला भिंतीतून तो क्षण हाताला लागला होता, आणि तो माझ्यामुळेच आला हे मला खोलीत असूनही कळलं नव्हतं.

"बाईंनी पुढच्या महिन्याचं विचारलंय," भिंगरी म्हणाली. तिने एका हाताने मला धरलं, दुसऱ्याने त्याला, आणि आम्हा दोघांना नळाकडे ओढत नेलं. "आणि ऐका. पुढच्या वेळी दोघंही पहिल्यापासून अगदी समोर उभे राहा. म्हणजे मला मधेच दचकायला नको."