ओला टॉवेल

ह्वाजिनचा सगळा संशय सासूवर होता. तिची चार वर्षांची लेक सोल्बी हिवाळा लागला की खोकायची, आणि सासूबाईही नेमक्या हिवाळ्यातच समुद्रकाठचं गाव सोडून देजॉन शहरात त्यांच्याकडे राहायला यायच्या. आता याला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा!

कारणं तरी थोडी होती का? म्हातारी बंद घरात बांगडे भाजायची. आंबवलेल्या सोयाबीनचे बुरसट गोळे बाल्कनीत टांगायची. आणि संध्याकाळी घर तापवणारी फरशीखालची ऊब सुरू होऊन हवा कोरडी पडली, की सोल्बीच्या उशाशी ओला टॉवेल वाळत घालायची.

"आई, त्या टॉवेलला बुरशी धरते हो."

"तुझा नवरा याच टॉवेलखाली वाढलाय. बैलासारखा धडधाकट आहे."

"घोरतोही तसाच," ह्वाजिन पुटपुटली आणि टॉवेल काढून फेकला.

हिवाळ्यात सोल्बीच्या उशाशी लावायला तिच्याकडे हवेला ओल देणारं यंत्र होतं. त्याच्या पाण्यात ती रोज टोपणभर जंतुनाशक ओतायची. बाटलीवर छापलं होतं, लहान मुलांनाही सुरक्षित. यंदा खोकला वाढल्यापासून ती दोन टोपणं ओतू लागली होती. आईचं काळीज, त्यात कसली काटकसर!

शेवटी तिने सासूला गावी पाठवलं. म्हातारी वाद न घालता गेली. पण खोकला काही गेला नाही. सोल्बीचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

"फुफ्फुसाचा काही भाग कडक झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही. उरलेला वाचवायचा, तर कशामुळे होतंय ते सापडायला हवं."

ह्वाजिनने घरातले पडदे टाकून दिले, गाद्याही टाकल्या. इकडे दवाखान्यात मात्र पोर हळूहळू सावरली, खिमटही मागून खाल्लं. म्हणजे दोष घरातच होता. म्हातारीने काय मागे ठेवलंय, याचाच विचार ह्वाजिनच्या डोक्यात घोळत राहिला.

आणि एका सकाळी म्हातारीच दवाखान्यातल्या खोलीच्या दारात उभी राहिली. एका हातात मध घालून वाफवलेली नासपती, दुसऱ्या हातात भलंमोठं गाठोडं.

"इथली हवा कोरडी असते म्हणे. घरी जाऊन तुझं यंत्र आणलं, बाटलीही आणली." मग घाईघाईने म्हणाली, "टॉवेल नाही आणला हो."

ह्वाजिनला भरून आलं. एवढं तोडून बोलले, तरी आली बिचारी! तिने यंत्रात पाणी भरलं आणि दोन टोपणं ओतली.

दुसऱ्या दिवशी सोल्बीचा श्वास पुन्हा लागला. छाती भात्यासारखी चालली होती.

"कालपासून या खोलीत नवीन काय आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सवयीने ह्वाजिनची नजर सासूकडे गेली. म्हातारीने मान खाली घातली.

"मीच आले," ती म्हणाली. "माझाच पायगुण वाईट. जाते मी."

ती उठली तेव्हा तिच्यामागचं यंत्र दिसलं. पांढरी वाफ संथपणे सोल्बीच्या तोंडाकडे चालली होती. ह्वाजिन वाफेकडे बघत राहिली, मग बाटलीकडे, मग स्वतःच्या हाताकडे. चोर सोडून तिने संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोराला रोज आपल्या हाताने लेकीच्या उशाशी बसवलं होतं.

तिने वायर उपटली आणि बाटली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. तिला रडायचं होतं, पण सोल्बी बघत होती.

"आई, जाऊ नका," ह्वाजिन सासूला म्हणाली. "इथलाच एक टॉवेल भिजवून द्या."

"अगं, पण बुरशी..." म्हातारी घाबरून म्हणाली.

"द्या हो."