दार बंद होतं

दार उघडलं तेव्हा नयना फरशीवर पालथी पडली होती आणि तिचा पुढचा दात तिच्यापासून हातभर लांब पडला होता. मुळासकट. शिल्ड आणि कप ठेवायचं काचेचं कपाट फुटून ऑफिसभर काचा झाल्या होत्या. त्यातली एक नयनाच्या गालात शिरून तशीच उभी होती. नळ नीट बंद केला नाही की पाणी कसं येतं, तसं रक्त येत होतं. धार नव्हती, पण थांबतही नव्हतं.

टेबलापाशी फादर तुस्कानो उभे होते, शाळेचे प्रिन्सिपॉल. उजव्या हातात वेताची छडी, पांढऱ्या झग्यावर पोटापाशी रक्ताचे शिंतोडे.

"शी फेल डाउन," ते म्हणाले. मग कुणी विचारलं नव्हतं तरी पुन्हा म्हणाले, "शी फेल डाउन."

दारात पूर्वा देशमुख उभी होती, नववी ब. एकटीच. आणि ती तिथं कशी आली हे सांगायचं तर पंधरा-वीस मिनिटं मागं जायला हवं.

लखनौच्या संत अँब्रोज शाळेत इंग्रजीशिवाय बोलायचं नाही असा नियम होता आणि तो पाळून घ्यायला एक बिल्ला होता. पितळेचा, लाल फितीत ओवलेला. सकाळी जो पहिल्यांदा दुसऱ्या भाषेत सापडेल त्याच्या गळ्यात बिल्ला. मग त्यानं कान टवकारून हिंडायचं आणि दुसरं कुणी सापडलं की त्याच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं. शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात असेल त्यानं फादरच्या ऑफिसात जाऊन तळहातावर दोन छड्या खायच्या. मुलगा असो की मुलगी. फादर मूळचे वसईचे, घरी मराठी बोलणारे, पण सात वर्षांत शाळेत त्यांच्या तोंडून एक मराठी शब्द कुणी ऐकला नव्हता. नियम म्हणजे नियम!

दोन छड्या म्हणजे दोनच, तिसरी नाही, असा त्यांचा लौकिक. पण मागच्या वर्षी एका मुलानं उलट उत्तर दिलं तेव्हा छडी मोडेपर्यंत मारलं, आणि मोडल्यावर उरलेल्या तुकड्यानं मारलं. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. त्याच मुलाला टायफॉइड झाला तेव्हा तीन दिवस त्याच्या उशाशी बसून होते, हेही माहीत होतं. आता काय करायचं अशा माणसाचं!

आणि पूर्वा? तिला त्या वर्षी नुकतेच पंख फुटले होते. आठवीपर्यंत वर्गात हात वर न करणारी मुलगी, पण नववीत काय झालं देव जाणे. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली ती कप घेऊनच खाली बसली. तिथून जो तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. हाउस कॅप्टन झाली, चालण्यात ऐट आली, आवाज असा खणखणीत की मैदानाच्या त्या टोकाचा कुत्रा उठून बसावा.

अशी ही पूर्वा, चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी, शेवटच्या तासाला "अरे यार, मेरा पेन!" असं ओरडली आणि बिल्ला तिच्या गळ्यात आला. कॅप्टनच्या गळ्यात! घंटेला दहा मिनिटं उरलेली आणि सगळा वर्ग ओठ शिवून बसलेला. पाणी पिऊन येते म्हणत ती बाहेर सटकली, तर नळावर नयना वाकून पाणी पीत होती. नयना शिंदे, तिची जिवाभावाची मैत्रीण, सदर बाजारात एकाच गल्लीत राहणारी. हिला हिंदीत पकडणं अशक्य, फार सांभाळून असायची. लखनौत जो तो हिंदीत पकडायला टपलेला. मराठीत पकडायचं सुचलं ते फक्त पूर्वाला. ती चवड्यांवर मागून गेली आणि कानात ओरडली, "नयने, पाल!"

"आई गं!" नयना तीन फूट उडाली.

"गॉट यू!" आणि बिल्ला तिच्या गळ्यात.

"यू डॉग," नयना हसत म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "आय वोन्ट टेक इट, पूर्वा. मला हात लावला तर छडी मोडीन त्याची." शेवटचं वाक्य ती मराठीतच बोलली. आता कसलं सांभाळायचं राहिलं होतं! आणि ती उगाच बोलत नव्हती. मार खाऊन गप्प बसायची शिंद्यांच्या घरात रीत नव्हती. वडील सुभेदार, सध्या काश्मिरात. मोठा भाऊ संग्राम युनिव्हर्सिटीत, त्याच्या हातात पुस्तकापेक्षा हॉकी स्टिक जास्त वेळा दिसायची.

घंटा झाली, नयना आत गेली, दार लागलं. पूर्वाला घरी जाववेना. ती व्हरांड्यात थांबली आणि तिला एवढं ऐकू आलं:

"ओपन युअर पाम."

"नो, फादर."

सपकन् आवाज. नयनाची किंकाळी. बुटांची झटापट. मग फादरचा आवाज, कधी नव्हे तो फाटलेला, "लीव्ह इट! लीव्ह इट, आय से!" आणि काच.

बस्स. पाहिलं काहीच नाही.

नयनाला चौकाजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गालाला बत्तीस टाके पडले, जबडा दोन ठिकाणी मोडला, तो तारेनं बांधून टाकला. बोलायचं नाव नाही. पूर्वा बाबांबरोबर तिथं पोचली तेव्हा नयनाची आई, सुलभाकाकू, बाकावर बसून मुलीचा रक्तानं कडक झालेला शर्ट नुसता घडी करत होती. घातलेली घडी मोडायची, पुन्हा घालायची.

"पूर्वा, काय गं झालं?"

"दार बंद होतं, काकू."

ती बाबांनाही तेच म्हणाली. मग संग्राम आला, मागं चार मित्र. त्यानं तिला जिन्यात नेलं. त्याचे डोळे सुजलेले होते आणि मुठीला प्लास्टर उडाल्याचा पांढरा चुरा लागलेला. येताना भिंतीवर हाणली होती कुठंतरी.

"तू तिथं होतीस. ढकललं ना त्यानं?"

"संग्रामदादा, मी बाहेर—"

"आणि एक सांग मला. नयनाच्या गळ्यात तो बिल्ला आलाच कसा? ती तर एक शब्द हिंदी बोलत नाही शाळेत. कुणी घातला—"

"ढकललं," पूर्वा म्हणाली.

लोण्यातून सुरी जावी तसा शब्द बाहेर आला. पुढचा प्रश्न जागच्या जागी मेला.

"दोन्ही हातांनी," ती म्हणाली.

आता एकदा खोटं बोललं की तिथंच थांबावं ना? पण तोंड कुणाचं होतं? वक्तृत्वाचा कप मिळवलेल्या पूर्वाचं! शनिवारी सदरमधल्या पाच घरांत तिनं ते सांगितलं आणि दर घरी ते जास्त छान जमत गेलं. दाराला फट होती. फटीतून दिसलं. फादरनी आधी केस धरले. मग ढकललं, मग पडलेल्या नयनाला लाथ मारली. बायका तोंडावर हात धरून ऐकत होत्या. कुणीतरी तिला शिरा दिला. बिल्ल्याचं कुणी विचारलं नाही.

रविवारी बाबा म्हणाले, "पूर्वा, शुक्रवारी तू म्हणालीस दार बंद होतं."

"बंदच होतं. पण फट होती, बाबा."

बाबा पेपर हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. बँकेत रोज शंभर माणसं खोटं बोलताना बघणारा माणूस. पण स्वतःच्या मुलीला पुढचं विचारायचं त्यांच्याही जिवावर आलं असणार.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ते आले. युनिव्हर्सिटीतली दीडशे-दोनशे पोरं, हॉकी स्टिका, सळया, सायकलच्या चेनी. पुढं संग्राम. "फादर को बाहर निकालो!" फाटक आधी हललं, मग वाकलं, मग आडवं झालं. म्हातारा दरवान मध्ये आला, त्याच्या नडगीवर सळई बसली आणि तो खाली बसला तो उठलाच नाही. लहान वर्ग रडत आत पळाले. खिडक्या अशा फुटत होत्या की कुणी भांड्यांचं दुकान उलटं करावं.

फादर स्वतःच पायऱ्या उतरून आले. हात वर केलेले. "मेरी बात सुनिए—"

पहिली स्टिक कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पूर्वाला रांगेत उभ्या उभ्या ऐकू आला. वाळलेली शेवग्याची फांदी मोडावी तसा. दुसरी डोक्यावर. ते गुडघ्यावर आले, मग कुशीवर, आणि मग दिसेनासे झाले, नुसते बूट दिसत होते, वर जाणारे आणि खाली येणारे. कुणीतरी झगा धरून त्यांना ध्वजाच्या खांबापर्यंत फरफटत आणलं. एकानं उजवा हात फरशीवर दाबून धरला. "इसी से मारता है ना?" म्हणत दुसऱ्यानं टाच आपटली. एकदा. दोनदा.

"आई गं!" फादर ओरडले. "आई गं, मेलो!"

सात वर्षांतले पहिले मराठी शब्द. संग्रामची स्टिक वरच्या वर थांबली. इतक्या लांब, या गावात, या गर्दीत, घरातल्यासारखी हाक. पण क्षणभरच. मग ती खाली आली आणि डोळ्यावर बसली.

पूर्वाला उलटी झाली. बुटांवरच. ती तोंड पुसत होती तेवढ्यात संग्रामनं तिला पाहिलं. दंडाला धरून खेचत त्यानं तिला खांबाच्या चौथऱ्यावर उभं केलं.

"ये है गवाह! इसने अपनी आँखों से देखा है! बोल, पूर्वा, सांग सगळ्यांना!"

दोनशे तोंडं वर वळली. खाली फादर होते. एक डोळा फुटलेला. दुसरा उघडा, तिच्याकडे लागलेला.

"मैंने कुछ नहीं देखा!" पूर्वा ओरडली, होता नव्हता तेवढा सगळा आवाज लावून. "दरवाज़ा बंद था! मैंने झूठ बोला!"

मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेलं ते. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "धमकाया है बच्ची को।"

"अबे हाँ, देख कैसे काँप रही है।"

"साले ने बच्ची को धमकाया!"

आणि मग जे सुरू झालं त्यापुढं आधीचं काहीच नव्हतं. पूर्वा चौथऱ्यावरून उडी मारून मध्ये घुसली, कुणाच्या तरी शर्टाला लोंबकळली, कोपर तिच्या नाकावर बसलं, आणि तिच्याच रक्ताची चव तिच्या तोंडात आली. पोलिसांची गाडी आली तेव्हा लाठ्यांना कोण कुणाचं हे कळत नव्हतं. संग्रामचं डोकं फुटलं, त्याला पाय धरून गाडीत टाकला.

फादरना त्याच हॉस्पिटलात आणलं. डोळा गेला. उजव्या हाताची चार बोटं मोडली. गुरुवारी पूर्वा बाबांना घेऊन तिथं गेली. बाबा दाराशी थांबले, ती खाटेपाशी.

"फादर, तुम्ही नयनाला ढकललंत का?"

ते मराठीत बोलले, ओठ फाटलेले असल्यामुळं हळू.

"तिनं छडी धरली. मी ओढली. ती सोडेना. मी ओरडलो. आणि मग... माझ्या हातून सुटली की मी लोटलं, बाळ, सहा दिवस मी तेच बघतोय डोळ्यांपुढं. राग आला होता एवढं खरं. फार राग आला होता. एवढ्या रागात हात काय करतात ते हातांनाच माहीत."

"म्हणजे हो की नाही?"

"मला ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

तिथून ती नयनाकडं गेली. नयनाला वहीत लिहावं लागत होतं. 'छडी धरली एवढं आठवतं,' तिनं लिहिलं. 'मग एकदम इथं.' पेन्सिल थांबली. 'बिल्ला तू घातलास हे मी दादाला सांगितलं नाही. सांगणार पण नाही.' मग दाबून, कागद फाटेल इतकं दाबून, 'ढकललं असंच सांग. नाहीतर दादा खूप वर्षं आत जाईल.'

पूर्वानं वही मिटून तिच्या उशाशी ठेवली. घराच्या जिन्यात ती थांबली आणि बाबांना सगळं सांगून टाकलं, पाल, बिल्ला, फट, शिरा, सगळं. बाबा पायरीवर बसले. शेवटी म्हणाले, "उद्या ठाण्यात बोलावलंय. मी आत येईन, पण बोलायचं तुलाच आहे."

ठाण्यात इन्स्पेक्टरसाहेबांनी जबाब आधीच लिहून ठेवला होता. कोपऱ्यातल्या बाकावर संग्राम, डोक्याला पट्टी, हाताला दोरी.

"पढ़ लो बिटिया, और साइन कर दो। पाँच मिनट का काम है।"

'मैंने अपनी आँखों से देखा कि फादर ने लड़की को धक्का दिया,' पूर्वानं वाचलं. सगळे तिचेच शब्द. लाथसुद्धा होती.

"ये झूठ है," ती म्हणाली. "दरवाज़ा बंद था। बिल्ला मी... बिल्ला मैंने पहनाया था नयना को, धोखे से। कोई वो न पूछे, इसलिए बोल दिया कि धक्का दिया।"

बाकाचा आवाज झाला. संग्राम दोरीसकट तिच्या अंगावर आला आणि बांधलेल्या हातांनी त्यानं तिचा गळा धरला. दोघं टेबलावर कोसळले, दौत उलटली. तिच्या डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचायला लागले. बाबा त्याची बोटं एकेक करून सोडवत होते. शिपायानं त्याच्या पाठीत तीनदा लाठी घातली तेव्हा कुठं पकड सुटली आणि तो भिंतीशी जाऊन पडला.

"खोटारडी!" तो ओरडला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो रडत होता. "तुझ्या शब्दावर केलं मी सगळं! तुझ्या शब्दावर!"

"हो," पूर्वा म्हणाली. आवाज घोगरा, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा. "माझ्याच."

इन्स्पेक्टरनी शाई लागलेला कागद बाजूला सारला. "तो सच क्या है? धक्का दिया या नहीं दिया?"

"मालूम नहीं।"

"अरे, 'मालूम नहीं' भी कोई बयान होता है? इधर लिखो या उधर। इसमें किसी का भला नहीं होगा, बिटिया। न तुम्हारी सहेली का, न फादर का, न इसका।"

पूर्वानं एकदा भिंतीशी पडलेल्या संग्रामकडं पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. मग ती खुर्ची पुढं ओढून बसली.

"आप लिखिए," ती म्हणाली. "मालूम नहीं।"