पिल्लाची मर्जी

विद्याधर सबनीसांनी उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला पिकलेलं केळं चोळलं आणि तळवा ट्यूबलाइटखाली भिंतीला टेकवला. केळ्यावर चिलटं येणार, चिलटांमागे पालीचं पिल्लू येणार, आणि पिल्लू हातावर चढलं की त्याला तसंच गॅलरीतल्या मनीप्लँटवर नेऊन सोडायचं, अशी योजना होती. आज तिचा अकरावा दिवस. चिलटं पहिल्याच दिवशी आली होती.

"अहो, कुंडलिक आलाय रंगाचे डबे ठेवायला," जयंतीबाई म्हणाल्या. रंगीत टीव्ही येणार म्हणून त्यांना भिंतीही रंगीत हव्या होत्या. "उद्या आठाला भिंती घासायला घेणार तो. आज काय ते करा, नाहीतर झाडू आहेच."

"काका, आताच एक मारतंय," कुंडलिक दारातूनच म्हणाला. "इषय खलास."

"खबरदार!" सबनीस हात न हलवता म्हणाले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द वापरायची संधी त्यांना मिळाली नव्हती.

पिल्लाचे त्यांच्यावर काही उपकार नव्हते. उलटच होतं. मुलुंडच्या या घरात ते पहिल्यांदा दिसलं, तेव्हा सबनीसांनीच वर्तमानपत्राची गुंडाळी हाणली होती. पिल्लू निसटलं, शेपटी मात्र टीपॉयवर, चहाच्या कपाशेजारी, बराच वेळ वळवळत राहिली. सबनीसांनी तो चहा प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी केळी आणली.

अडचण एकच होती. पिल्लू वीतभर अंतरावर आलं की ट्यूबमागची थोरली पाल चुकचुकायची. (थोरलीची कोणालाच काळजी नव्हती, तिने आजवर तीन रंगकामं पचवली होती.) आणि पाल चुकचुकली की सबनीसांचं बोट आपोआप भिंतीवर टकटक करायचं, तोंडातून "कृष्ण कृष्ण" निघायचं. आईने लावलेली सवय, साठ वर्षांत एकदाही चुकली नव्हती. स्वयंपाकघरातून जयंतीबाईही ओट्यावर टकटक करून साथ द्यायच्या. एवढं नामस्मरण होईपर्यंत पिल्लू छताला पोचलेलं असायचं.

आज ते आलं. थांबत, मान वळवत, शेपटीच्या जागचा बोथट कोंब हलवत आलं आणि करंगळीपासून दोन बोटांवर थबकलं. त्याचा गळा धडधडत होता. सबनीसांचाही.

"ता काय तुमच्या हातार येवचा नाय, काका," कुंडलिक म्हणाला.

थोरली पाल चुकचुकली.

बोललेलं खरं होणार, असा त्याचा अर्थ. तिघांनाही तो लहानपणापासून पाठ होता.

सबनीसांचं बोट उचललं गेलं. पिल्लाने मान वर केली. सबनीसांनी श्वास रोखला, ओठांवर आलेला कृष्ण गिळला आणि बोट, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं, भिंतीवर परत ठेवलं. मागे कुंडलिकचं बोट रंगाच्या पत्र्याच्या डब्याकडे निघालं होतं. ते पोचलं नाही. जयंतीबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

पिल्लाने एक पाय करंगळीवर ठेवला. मग दुसरा. मग सगळंच वर आलं आणि त्याने एक चिलट मटकावलं.

"सरक रे, वाट दे," जयंतीबाई कुजबुजल्या आणि गॅलरीचं दार उघडायला पुढे धावल्या. मागून सबनीस निघाले, हात पुढे धरून, संथ पावलं टाकत, दरबाराला निघालेल्या संस्थानिकासारखे.

मनीप्लँटपाशी त्यांनी हात पानाला लावला. पिल्लू हलेना.

"उतरलं का हो?"

"नाही. बसलंय."

"ढकला ना जरा."

"आपणहून आलंय. आपणहून जाईल."

जयंतीबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी नवऱ्याच्या ओठांशी धरली. सबनीस घोट घोट प्यायले.

त्यांचा डावा हात मोकळाच होता. कुंडलिकने तो पाहिला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग आत जाऊन डब्यावर बसला.