इर्मेलाची प्रॉम्प्टर

एर्लांगेनच्या गाडीत बसल्यापासून मालविका एकच वाक्य मनात घोळवत होती. आज काट्रिनला सांगायचंच. मागच्या तीन रविवारीही तिनं असंच ठरवलं होतं आणि तिन्ही वेळा केक खाऊन, गोडगोड बोलून, शेपूट घालून घरी परतली होती.

मालविका ऑपेरात प्रॉम्प्टर होती. नवऱ्याची, शिरीषची, नोकरी जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात, म्हणून ती पुण्याहून इकडे आली आणि अर्ध्या तासावरच्या एका लहान शहराच्या नाट्यगृहात चिकटली. जर्मन उत्तम, लहानपणी पियानो शिकलेली, आणखी काय हवं? मंचाच्या पुढच्या कडेला एक बुटका कोनाडा असतो. त्यात अर्धं अंग जमिनीखाली घालून बसायचं आणि गाणाऱ्यानं तोंड उघडायच्या पळभर आधी त्याला पुढच्या ओळीचा पहिला शब्द पुरवायचा. हे काम नीट झालं तर कोणालाच कळत नाही आणि बिघडलं तर गावभर होतं.

इर्मेला फोख्टला या कोनाड्याचा तिटकारा होता. ती खेड्यातल्या बेकरीवाल्याची मुलगी. पहाटे बापाबरोबर पाव भाजायचे आणि रविवारी चर्चमध्ये गायचं, यातच तिचा तो खालच्या पट्टीतला उबदार आवाज तयार झाला. चोविसाव्या वर्षी ती या नाट्यगृहात नोकरीला लागली. इथे पंधरा वर्षं टिकलं की मग गायकाला काढता येत नाही, म्हणून वरचे लोक चौदाव्या वर्षीच बहुतेकांच्या हातात नारळ ठेवतात. इर्मेलाला नारळ द्यायची कोणाची छाती झाली नाही. एकदा ड्रेस्डेनहून मोठं बोलावणंही आलं होतं. पण तेव्हा तिची लेक काट्रिन चार वर्षांची होती आणि तिचा बाप घर सोडून गेलेला. पोरीला घेऊन कुठे वणवण करायची, म्हणून इर्मेला राहिली. दाया, चेटकिणी, राजपुत्रांच्या आया अशा भूमिका करत तिनं तिथेच केस पांढरे केले आणि लोक तिच्यासाठी तिकिटं काढत राहिले.

मालविकाला तिनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "माझ्याकडे बघून ओठ हलवू नकोस. कानाशी माशी गुणगुणल्यासारखं वाटतं." मालविकानं आपल्या स्वरांच्या पुस्तकावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं : फोख्टबाईंना काही देऊ नये. त्यानंतर वीस वर्षं इर्मेलानं एकदाही खाली पाहिलं नाही. मालविकाला राग यायचा. इतकं सुंदर गाणारी बाई, तिच्या बुटांशी आपण रोज बसतो, आणि तिच्या लेखी आपण आहोतच कुठे!

मग तीन वर्षांपूर्वी, शंभरदा केलेल्या दाईच्या भूमिकेत, इर्मेलानं खाली पाहिलं. हनुवटी किंचित झुकलेली, डोळे थेट कोनाड्यात. मालविकानं शब्द पुरवला, गाणं पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये इर्मेला आपला कप घेऊन तिच्या टेबलाशी येऊन बसली. तेही पहिल्यांदाच.

"यापुढे मला सगळं देत जा," ती हळूच म्हणाली. "प्रत्येक ओळ. आणि कोणाला सांगू नकोस."

मालविकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोला? तिला काळजी वाटायला हवी होती आणि वाटला तो आनंद. दोन वर्षं ती डोळ्यांत तेल घालून इर्मेलाला ओळी पुरवत राहिली. पुढे ओळींवर भागेना. कोणत्या बाजूनं आत जायचं तेही ती बोटानं दाखवू लागली. मग इर्मेलाचे फोन यायला लागले. बसमधून कुठे उतरायचं, घराची किल्ली आपण कुठे ठेवतो. मालविका तेही सांगायची आणि शिरीषलासुद्धा पत्ता लागू द्यायची नाही.

काट्रिन तोवर एर्लांगेनला, माणसाच्या मेंदूचे फोटो काढणाऱ्या यंत्रांवर काम करत होती. ओळी पुरवायला लागून सहाएक महिने झाले असताना, एका प्रीमियरनंतरच्या पार्टीत तिनं मालविकाला बाजूला घेतलं. काट्रिन शाळेत असल्यापासून मालविका तिला ओळखत होती.

"आई फोनवर कधीकधी विचित्र बोलते. तू तिला रोज बघतेस. ठीक आहे ना ती? नाहीतर मी तिला आमच्याकडे तपासायला घेऊन जाते."

"एकदम ठीक आहे," मालविका म्हणाली. "एक ओळ चुकत नाही."

ते शब्दशः खरं होतं आणि इतकं मोठं खोटं ती जन्मात बोलली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मालविका तीन आठवडे पुण्याला गेली, भाचीच्या, स्वरालीच्या, लग्नाला. कोनाड्यात मालविकाचंच पुस्तक घेऊन बदली मुलगी बसली. पुस्तकावरची ती जुनी सूचना मालविकानं खोडली नव्हती, कारण खोडली असती तर का खोडली ते सांगावं लागलं असतं. सातशे लोकांसमोर इर्मेलानं खाली पाहिलं, आणि मुलगी सूचनेबरहुकूम गप्प बसली. वादकांनी तीनदा मागे जाऊन सुरुवात केली. शेवटी पडदा पाडावा लागला. इकडे मालविका मांडवात फोटो काढून घेत होती.

डॉक्टर काट्रिनला म्हणाले, अल्झायमरवर हल्ली एक नवं औषध निघालंय, पण ते अगदी सुरुवातीलाच देतात. दीडेक वर्ष आधी आणलं असतं तर विचार करता आला असता. दीड वर्षापूर्वी म्हणजे कधी, हे मालविकाला मोजून बघावं लागलं नाही. ती पार्टी तिला ताटातल्या केकसकट आठवत होती.

सगळं कळल्यावर शिरीषनं तिची समजूत काढली होती. "अगं, तू काय डॉक्टर आहेस? तुझं जे काम होतं ते तू केलंस. आता सांगून काय होणार? काट्रिन तुला दारात उभं करणार नाही."

"तिला वाटतंय की तिचंच चुकलं, शिरीष."



आज एर्लांगेनच्या स्टेशनबाहेर काट्रिन सायकल घेऊन उभी होती. इर्मेलाला आता तिनं जवळच्याच वृद्धाश्रमात ठेवलं होतं. दोघी चालत निघाल्या.

"सहा आठवडे झाले, तिनं मला नावानं हाक मारलेली नाही," काट्रिन म्हणाली. "मला नर्स समजते. दिवसभर लोकांच्या मेंदूंचे फोटो बघते मी, आणि स्वतःच्या आईचं मला कळलं नाही. रात्ररात्र झोप येत नाही गं. तू तिला फक्त गाताना बघत होतीस, तुला कसं कळणार? फोनवर तर ती माझ्याशी बोलत होती."

वाक्य मालविकाच्या ओठांपर्यंत आलं, पण तेवढ्यात वृद्धाश्रमाचं दार आलं आणि तिनं ते पुन्हा गिळलं. स्वतःची इतकी शरम तिला कधी वाटली नव्हती.

इर्मेला खिडकीशी खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, पाठ ताठ. काट्रिन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"आई, सांग बरं, मी कोण?"

इर्मेला अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशी हसली. मग तिची नजर काट्रिनच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या मालविकावर आली. हनुवटी किंचित झुकली. मालविकानं काही ठरवलं नव्हतं. ओठ आपोआप हलले, आवाजाशिवाय.

"काट्रिन," इर्मेला म्हणाली. भरदार, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात.

काट्रिननं वळून पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते. "ऐकलंस? ओळखलं तिनं मला! मालविका, ओळखलं!"

इतकी सुखावलेली काट्रिन मालविकानं वर्षभरात पाहिली नव्हती. गप्प बसलं की झालं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं, उलट पोरीला आज रात्री झोप लागली असती. पण असं गप्प बसूनच तर सगळं झालं होतं.

"नाही गं," मालविका म्हणाली. "नाव मी दिलं तिला. आत्ता, तुझ्या पाठीमागून. नाट्यगृहातही मीच देत होते, दोन वर्षं, प्रत्येक ओळ. तू पार्टीत विचारलंस ना, तेव्हा मला सगळं माहीत होतं. तुझी काही चूक नाही. माझी आहे."

काट्रिननं आईचे हात सोडले, पुन्हा धरले.

"का?" तिनं विचारलं.

मालविकानं गाडीत पाठ केलेल्या वाक्यात याचं उत्तर नव्हतं. "ती माझ्याकडे बघायला लागली होती," ती म्हणाली. "मला ते हवं होतं."

"तू जा," काट्रिन म्हणाली. "आणि पुढच्या रविवारी येऊ नकोस."

मालविका दाराशी गेली आणि न राहवून वळली. काट्रिन आईच्या मांडीवर डोकं टेकून रडत होती. रडणारी ही बाई कोण, तिला काय म्हणायचं, हे इर्मेलाला कळत नव्हतं. ती मालविकाकडे बघत पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. मालविकानं ओठ घट्ट मिटले आणि दार ओढून घेतलं.