दारातला घडा

तुम्ही माझ्या बायकोला जमिनीबरोबर जाणाऱ्या वस्तूंत धरलंत. यंदा वारसांची प्रकरणं बघणारे अधिकारी तुम्ही, म्हणून पहिल्याच सुनावणीत जांभई देत म्हणालात, "मुलगी इस्टेटीबरोबर जाईल." तिचा नवरा, मी लिकिस्कोस, समोर उभा होतो. माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाहीत.

माझ्या सासऱ्यांना, फानियासना, मुलगा नव्हता. म्हणून त्यांनी मला मुलगी दिली आणि मृत्युपत्र करून दत्तकही घेतलं. ते गेले आणि त्यांचा पुतण्या मेनाल्कास उगवला. म्हणे, काकांनी मरताना त्याच्या मांडीवर डोकं ठेवून दत्तक मोडलं. दत्तक मोडलं की मी परका. सासऱ्यांची ऑलिव्हची बाग त्याची, आणि जवळचा नातलग म्हणून माझी बायको मिक्काही त्याची. भाऊ नसलेली मुलगी, लग्न झालेली असली तरी, बापाच्या इस्टेटीबरोबर जवळच्या नातलगाची बायको होते, कायदाच तसा आहे.

न्यायालयात म्हणायचं भाषण त्याने नावाजलेल्या माणसाकडून लिहून घेतलं. लोक मला म्हणाले, तूही घे. मी घरी येऊन मिक्काला विचारलं.

मागावरचा हात न थांबवता ती म्हणाली, "अप्पांना आंघोळ कुणी घातली?"

"तू आणि तुझ्या मावशीने."

"मग? त्याला एवढंच विचारा, दारात घडा होता त्यातलं पाणी कुठलं."

"आणि बरोबर सांगितलं तर?"

"अहो, तो आला होता कुठे? माती देऊन झाल्यावर आला, तोही कोठाराची किल्ली मागायला."

न्यायालयात मेनाल्कास सुरेख बोलला. "काकांच्या उशापासून मी हललो नाही," म्हणाला, तेव्हा दोन म्हाताऱ्या पंचांनी डोळे पुसले. मग माझी पाळी आली. आमच्याकडे विरुद्ध पक्षाने विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

"मेनाल्कास, काकांच्या घरून बाहेर पडताना दारातल्या घड्यातलं पाणी अंगावर शिंपडलंस?"

"शिंपडलं की. रीत काय तुलाच ठाऊक?"

"कुठलं पाणी होतं?"

हे त्याच्या पाठ केलेल्या भाषणात नव्हतं. "अंगणातल्या विहिरीचं. काकांची विहीर गोड आहे."

पंचांत गलका उठला. ज्या घरात प्रेत आहे त्या घरचं पाणी विटाळलेलं. दारातला घडा दुसऱ्याच्या घरून भरून आणतात. घरात एकदा तरी कुणी मेलंय त्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

"अरे लेका," एक पंच ओरडला, "तुझ्या घरी कुणी गेलं तर मला बोलावू नकोस."

"विहीर गोड म्हणे. चाखून ठेवलीय आधीच," दुसरा म्हणाला.

शेजारचा सोस्त्रातोस साक्षीला उभा राहिला: "तो घडा माझ्या घरून भरून गेला होता." मग पंचांनी मतांचे खडे टाकले. आम्हा दोघांचं एकेक भांडं होतं. मेनाल्कासचं उलटं केलं तेव्हा नुसता खुळखुळाट झाला. माझ्यातून रास पडली.

घरी येऊन सांगितलं तर मिक्का म्हणाली, "विहीर म्हणाला ना? वाटलंच." आणि धागा ओढला. मी मात्र दिवसभर गल्लीत छाती काढून फिरलो.

न्यायालयात तिचं नाव मला घेता आलं नाही. घरंदाज बाईचं नाव तिथे घेत नाहीत. मी नुसतं "फानियासची मुलगी" म्हणत राहिलो. इथे लिहितो: मिक्का. तो प्रश्न तिचा. ती बाग तिच्या बापाची. तो खटला तिने जिंकला, आणि त्या आवारात तिला पाऊल टाकायची मुभा नाही.

तुमचं वर्ष सरत आलंय. अधिकारावरून उतरताना लोकांपुढे जाब द्यायला तुम्हाला उभं राहावं लागेल, तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन. तिला कुणाच्या घरी राहायचंय, हे तुम्ही तिला एकदाही का विचारलं नाहीत? उत्तर द्या.